ढालोबांचा उभा पुतळा

एका जंगलात, मुलांनो, शंभर वर्षांपूर्वी मोठा पूर आला होता. तुम्ही म्हणाल, पूर काय, येतातच. पण या पुरात पळायला पलीकडची टेकडी तेवढी उरली होती, आणि मधे नदी होती. तेव्हा ढालोबा नावाच्या कासवाने सगळ्यांची पिल्लं पाठीवर घेतली आणि पलीकडे नेऊन सोडली. एक-दोन नव्हे, चांगल्या एकोणचाळीस खेपा केल्या. शेवटच्या खेपेनंतर तो दमला आणि प्रवाहाबरोबर खाली निघून गेला.

तो पुन्हा दिसला नाही. जंगलातले प्राणी दहा-वीस वर्षांत आटोपतात, तेव्हा ढालोबाही आटोपला असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. कासवं किती जगतात हे सांगायला स्मारक समितीवर कोणी कासव नव्हतं.

हो, स्मारक समिती होती. शेजारच्या जंगलाने एका सशाचा बारा हात उंच पुतळा उभारला, आणि आपल्या जंगलाला एकदम ढालोबांची आठवण दाटून आली. समितीचे अध्यक्ष होते तरसाजीराव तरस. सभासद एक गवा आणि एक मोर. पुतळ्याचं काम मिळालं ठोकबा सुतारपक्ष्याला.

ठोकबाला कोण आनंद झाला! त्याच्या पणजीची पणजी त्या पाठीवर बसूनच नदीपार झाली होती. ती झाली नसती तर ठोकबा जन्मालाच आला नसता. त्याने पंधरा दिवस खपून लाकडाचा छोटा नमुना कोरला. चारही पाय जमिनीला टेकलेले, मान किंचित पुढे, आणि पाठ अशी रुंद की बघणाऱ्याला वाटावं, जरा चढून बसावं.

तरसाजीरावांनी नमुना उलटसुलट करून पाहिला.

"अहो, हे तर रांगताहेत!"

"कासव आहेत साहेब ते."

"नेते आहेत, ठोकबा. नेते रांगत नाहीत. उभे करा."

ठोकबाने दुसरा नमुना आणला. कासव दोन पायांवर उभं होतं. कोरताना ठोकबाचीच कंबर धरली होती.

"पाठीवर हे टोपलं कसलं?" गवा म्हणाला. "बघणाऱ्याला वाटेल, ढालोबा हमाली करत होते."

"आणि त्या टोपल्यात डोकं ओढून घेता येतं," मोर म्हणाला. "पुढच्या पिढीपुढे हा आदर्श ठेवायचा का?"

"पण पाठीवरूनच तर त्यांनी..." ठोकबा बोलू लागला.

"ठराव एकमताने मंजूर," तरसाजीराव म्हणाले.

पाठ गेली. त्या दिवशी ठोकबा घरी येऊन ढसाढसा रडला. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की कसा का असेना, ढालोबांच्या नावाचा पुतळा तर होतोय! मुलांनो, सुतारकामात ठोकबा बरा होता, पण स्वतःची समजूत घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

अखेर पुतळा उभा राहिला. उंची तेरा हात, कारण ससा बारा हात होता. डोक्यावर तुरा, छातीवर पट्टे, मानेला वशिंडासारखा फुगवटा. एक हात वर, बोट शेजारच्या जंगलाकडे रोखलेलं.

अनावरणाच्या दिवशी पुतळ्यावरची केळीची पानं ओढली गेली. टाळ्या थांबल्या तेव्हा गर्दीतून एक म्हातारं कासव हळूहळू पुढे आलं.

"माझं स्मारक करताय असं तीन महिन्यांपूर्वी कळलं," ते म्हणालं. "एवढं काही करू नका रे, म्हणून सांगायला निघालो. पोचेपर्यंत झालंच की तुमचं."

मग त्याने मान वर करून विचारलं, "हे कोण?"

मोर पुढे सरसावला. "तोतया! पुतळ्याशी ताडून बघा."

ठोकबालाच ताडायला लावलं. तुरा नाही, पट्टे नाहीत, उभं राहता येत नाही, पाठीवर टोपलं आहे. एकेक सांगताना त्याचा आवाज बसत गेला.

तरसाजीरावांनी घसा खाकरला. "पुतळा ठरावाप्रमाणे आहे. हे गृहस्थ कुठल्याच ठरावात बसत नाहीत. पण आपलं जंगल कृतघ्न नाही! ठोकबा, चोच काढा. आधी यांची पाठ तासून घ्या. मग यांना मंचावर बसवू, हारही घालू."

म्हाताऱ्याने घाबरून डोकं आत घेतलं.

"बघा, बघा! आदर्श बघा!" मोर ओरडला.

ठोकबा उडाला आणि त्या पाठीवर जाऊन बसला. सगळ्यांना वाटलं, आता ठोकायला लागणार. पण तो नुसता बसून राहिला.

"नाही करणार," तो म्हणाला. "पुतळ्याला हो-हो म्हणालो तीच चूक झाली. बाबा, डोकं बाहेर काढा आणि चला इथून."

आणि ते पळाले. इतकं सावकाश पळताना त्या जंगलाने आजवर कोणाला पाहिलं नव्हतं. पकडायला चार पावलंसुद्धा लागली नसती. पण समितीचं काम रीतीप्रमाणे चाले. मोराने पाठलागाचा ठराव मांडला. गव्याने अनुमोदन दिलं आणि लगेच एक दुरुस्ती सुचवली, की पाठलागाच्या आघाडीवर गवे असावेत. मोराला ते मान्य नव्हतं. दोघांचं एकमत होईपर्यंत ढालोबा नदीवर पोचले होते.

पाण्यात शिरण्याआधी त्यांनी मान वळवली.

"पोहता येतं का रे तुला?"

"नाही, बाबा."

"मग नीट धरून बस," ढालोबा म्हणाले, आणि चाळिसाव्या खेपेला निघाले.

तात्पर्य : जुना महापुरुष जिवंत आढळल्यास नागरिकांनी गोंधळून जाऊ नये. त्याला त्वरित स्मारक समितीकडे आणून द्यावे. पुतळ्याबरहुकूम दुरुस्त करून मिळेल.