बस्त्यावकाकांची शेवटची फाइट

आमच्या वसईतल्या माणिकपूरच्या सोसायटीत बस्त्यावकाकांना कुणी गुड मॉर्निंग म्हटलं, की ते आधी त्याची हनुवटी दोन बोटांनी खाली दाबतात. "हनुवटी आत! उघडी ठेवलीस की गेलास!" पोस्टमन, केळीवाली, माझी सासू, कुणालाही सूट नाही. सासूबाई तर हल्ली लिफ्टच सोडून जिन्याने जातात.

सहा फूट तीन इंच, एकशे दहा किलो. काका एके काळचे हेवीवेट बॉक्सर. ऑलिंपिकला जाऊन आलेत. पहिल्याच लढतीत हरले. म्हणजे, हरले असं आपण म्हणायचं नाही. मी एकदाच म्हटलं. त्यांनी मला पार्किंगमध्ये उभं करून तिन्ही राउंड करून दाखवले. प्रतिस्पर्धी मी. "मी हरलो नाय, पंच झोपले होते!" त्या दिवशी मला अर्धी रजा टाकावी लागली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय टँकरचा निघो की गच्चीच्या किल्लीचा, पाचव्या मिनिटाला ते पंच झोपलेले असतात.

पुढे काका व्यावसायिक बॉक्सर झाले. परदेशात अकरा लढती, अकरा विजय. आणि ऐन भरात सगळं सोडून वसईला परत. का, विचारलं तर एकच उत्तर, "गुडघा." हाच माणूस रोज पहाटे पाच किलोमीटर धावतो!

त्यांच्या बाथरूमचं पाणी माझ्या किचनमध्ये गळतं. गेल्या रविवारी मी तिसऱ्यांदा भांडायला वर गेलो. दार उघडंच होतं. काका नुकतेच चर्चमधून, रविवारच्या मिस्साहून आले होते, अंगावर इस्त्रीचा शर्ट. समोर मोबाइलवर व्हीलचेअरमधला एक गोरा माणूस अडखळत काहीतरी सांगत होता, एका हाताने ठोसा मारून दाखवत होता. काका "येस, येस" करत मान डोलवत होते. मला त्यांनी खुणेनेच बसवलं.

फोन संपल्यावर मी विचारलं, "कोण हा?"

"माझी शेवटची फाइट."

"म्हणजे अकरावा? ज्याला तुम्ही पाडलंत तो?"

काका मोबाइलची काच शर्टाने पुसत राहिले. "आठ दिवस शुद्धीत नव्हता. मी हॉस्पिटलात बसून होतो. उठला, पण डोकं पहिल्यासारखं नाय राहिलं. त्याला वाटतं, तोच जिंकला. मला कसं पाडलं, ते दर रविवारी सांगतो."

"आणि तुम्ही?"

"मी पडतो."