शिरूर-दौंडच्या वावटळी : निरंक

भर दुपारी सगळं घर निजलेलं असताना मांडणीवरचं झाकण खणकन खाली पडतं आणि लोक म्हणतात, वारा आला. हे बोलणं बेजबाबदारपणाचं आहे. वारा आला की नाही हे ठरवणं कचेरीचं काम असतं, झाकणाचं नव्हे.

मला हे लग्नानंतर कळलं, कारण आमचे हे शिरूरच्या कचेरीत कारकून आहेत. त्याआधी मी भीमेकाठच्या एका वस्तीवर वाढले. वैशाखात मातीचा खांब गरगरत शिवारात शिरला की आम्ही सगळे त्याला सरळ वावटळ म्हणायचो. अज्ञान, दुसरं काय.

वावटळीची सरकारी नोंद होण्यासाठी एकच अट आहे, आणि ती अगदी साधी आहे. पाच पंचांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असावी. आता आमच्याकडची रीत सांगते. वावटळ आली की तिच्याकडे पाठ करून मटकन खाली बसायचं, पदर नाहीतर धोतराचा सोगा तोंडावर घ्यायचा, डोळे गच्च मिटायचे आणि तीनदा थुंकायचं. (तोंडावर पदर असताना थुंकल्यावर काय होतं ते विचारू नये.) वस्तीवरचे शेखलालमामा खुदाचं नाव घेऊन डोळे मिटतात, कृपाबाई येशूचं नाव घेऊन, आमचे आप्पा खंडोबाचं. पण मिटतात सगळेच. या बाबतीत दोन्ही तालुक्यांत पूर्ण एकोपा आहे.

लांबून पाहिली तर चालत नाही. लांबून दिसते ती वावटळ पुढच्या गावची असते आणि तिची नोंद त्या गावाने करायची असते. त्या गावाने तोवर डोळे मिटलेले असतात.

त्यामुळे दोन्ही कचेऱ्यांतली नोंद फार स्वच्छ आहे. यांच्याकडून ऐकलेली जशी आठवते तशी देते.

१९५१ ते ५२ : निरंक.
१९५३ : निरंक. (यवतच्या बाजारातलं कापडाचं पाल देवळाच्या कळसावर जाऊन बसलं. ते आपणहून चढलं, असं धरलं आहे.)
१९५५ : निरंक. (केंदूरला कडब्याची गंज भर दुपारी शेजारच्या शिवारात गेली. चोरी. चोर वरच्या दिशेने फरार.)
१९५६ : अर्धी. (एका म्हाताऱ्याने एक डोळा किलकिला ठेवला होता.)
१९५८ : निरंक. (दौऱ्यावर एका साहेबांची हॅट गेली. साहेबांनी डोळे मिटल्यावरच बरोबरच्या दोघा कारकुनांनी मिटले, त्यामुळे मधल्या वेळात त्या दोघांना काहीतरी दिसलं. पण साहेबांना न दिसलेली गोष्ट कारकुनाला दिसणं शिस्तीत बसत नाही. हॅट बिनपगारी रजेवर आहे.)

या सुंदर नोंदीला यंदा, म्हणजे एकोणसाठच्या वैशाखात, कृपाबाईंच्या छपराने गालबोट लावलं.

कृपाबाई आमच्या वस्तीवरच्या. मिशनच्या दवाखान्यात पूर्वी सुईणपण शिकलेल्या. माझी छबू त्यांच्याच हातावर झाली. घरात त्या आणि त्यांची सून. सून बाळंतीण, पोर आठवड्याचं. मी छबूला घेऊन माहेरी गेले होते, सगळ्या बायका कृपाबाईंच्या अंगणात शेवया वाळत घालत होतो, तेवढ्यात ती (जिची नोंद नाही ती) आली. आम्ही रीतसर बसलो, रीतसर थुंकलो. मी छबूला पदराखाली घट्ट धरलं. डोळे उघडले तेव्हा शेवया नव्हत्या आणि छपराचे सहाही पत्रे नव्हते. आत बाळंतिणीच्या कुशीत पोर तसंच होतं, टकटका आभाळाकडे बघत. फार खूश दिसत होतं.

पंचनाम्याला तलाठी सोपानराव आले. पंच म्हणून शेखलालमामा, आप्पा, आणखी दोघे आणि पाचवी मी. (मला लिहिता-वाचता येतं म्हणून. पाहता येतं का, हे कुणी विचारलं नाही.)

"छप्पर कुठं गेलं, बाई?" सोपानरावांनी विचारलं.

"वावटळीनं न्हेलं, भाऊसाहेब," कृपाबाई म्हणाल्या.

"पाहिलीत?"

"डोळं मिटलं व्हतं."

"मग वावटळच होती कशावरनं?"

"छप्पर न्हाई, त्यावरनं."

"त्यानं फक्त छप्पर नाही एवढंच शाबीत होतं."

शेखलालमामा पुढे सरकले. "भाऊसाहेब, म्या कानानं ऐकली. दौंडाला मालगाडी शिरती तसा आवाज."

"मग मालगाडी असंल," सोपानराव म्हणाले. "कानाला रकाना न्हाई, मामा."

"आन् धूळ गेली ती नाकात?"

"नाकालाबी न्हाई."

आप्पांची, बाकीच्या दोघांची आणि माझी साक्ष एका वाक्यात आटोपली, कारण आम्ही पाचहीजण एकाच वेळी डोळे मिटून होतो. पंचांत इतकं एकमत आजवर पाहिलं नव्हतं, असं सोपानराव म्हणाले.

चार दिवसांनी पत्रे सापडले. नदीपलीकडे, दौंड तालुक्यात, एका उसाच्या फडात. सापडले म्हणजे आम्हाला वाटलं. दौंडच्या कागदात ते 'सहा पत्रे, स्वतः हजर' असे आहेत. त्यांना कचेरीच्या आवारात लिंबाखाली ठेवलंय आणि वर एक शिपाई बसवलाय. एकदा आपणहून आलेली वस्तू पुन्हा आपणहून जाऊ शकते, हे त्यात धोरण.

कृपाबाई शेखलालमामांची गाडी घेऊन पत्रे आणायला गेल्या. तिथल्या कारकुनाने त्यांना बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि विचारलं, की पत्रे शिरूरचे असतील तर इकडे आले कसे? गाडीने? मग गाडीवान कोण? नावेने? नावाड्याला विचारलं, तर त्याने उलट सहा उतारूंचं भाडं बुडवल्याची तक्रार ठोकली. वावटळीने आले म्हणावं, तर वावटळ निघाली शिरूर तालुक्यातून, तेव्हा दाखला शिरूरने द्यायचा. शिरूरला वावटळ निरंक. म्हणजे शिरूरहून पत्रे गेलेले नाहीत, आणि दौंडला आलेले आहेत. दोन्ही कचेऱ्यांचं म्हणणं खरं आहे. चुकीच्या ठिकाणी आहे ते फक्त आभाळ, कारण ते कृपाबाईंच्या घरात आहे.

मृग तोंडावर आला. शेखलालमामांनी पोत्यांचं आच्छादन करून दिलं, त्यातून ऊन ठिपक्याठिपक्यांनी पोराच्या अंगावर पडतं. पाऊस काही ठिपक्यांनी पडणार नाही. बाळंतीण पोराला घेऊन कोपरा बदलते. पाचवा कोपरा कुठून आणावा, हा तिचा प्रश्न आहे आणि त्यालाही रकाना नाही.

सोपानराव तसे दुष्ट नाहीत. ते परत आले, पोराला बोट दिलं, आणि म्हणाले, "एक जरी माणूस मिळाला ना डोळं उघडं ठेवलेला, तरी बाकीच्या चौघांचं म्या बघतो."

"मी होते की," छबू म्हणाली.

मी तिला मागे ओढलं. ती माझ्या पदरातून पुढे आली. पदराला इस्त्रीचा निखारा पडून भोक झालं होतं, तिने त्याला डोळा लावला होता म्हणे. "ती आली ना, ती उंच होती. तिला पाय नव्हते. तिनं आधी शेवया खाल्ल्या. मग छप्पर डोक्यावर घेतलं, पाटीसारखं. एक पत्रा खाली पडला, तर ती वाकली आणि परत घेतला. मग नदीवर गेली. तिकडं पाणी वर चढलं तिच्या अंगात, आणि ती काळी झाली."

सोपानराव टाक हातात धरून ऐकत राहिले. शाई त्यांच्या धोतरावर पडली तरी कळलं नाही. कृपाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पोरी, कितवं वर्स तुला?" सोपानरावांनी शेवटी विचारलं.

"पाचवं."

त्यांनी टाक पुसून खिशाला लावला. साक्षीदार सज्ञान पाहिजे. साक्ष उत्तम आहे, कचेरीला ती हवी आहे, म्हणून सन १९७२ मध्ये हजर राहण्याविषयी छबूला समज देण्यात आली. तोपर्यंत पत्रे लिंबाखाली सुरक्षित राहतील. बाळाने मात्र सवडीने वाढावं.

म्हणून वाचकांना विनंती आहे. आपल्यापैकी कुणी सज्ञान स्त्रीपुरुषाने त्या दुपारी, किंवा कुठल्याही दुपारी, समोरून येणारी गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहिली असेल, तर नाव-गाव शिरूरला कळवावं. एकच माणूस पुरे. यांनी नोटीस वाड्यावस्त्यांवर लावली, बाजारात वाचून दाखवली. लोकांनी शांतपणे ऐकली, आणि ऐकताना चेहरा कुठे लपवावा हे न कळून जमिनीकडे पाहिलं. तुम्ही तसं करणार नाही याची मला खात्री आहे.

छबू माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचार करत होती. तिला बहात्तर साल म्हणजे काय ते मी सांगितलं, की तू तेव्हा माझ्याएवढी होशील, साडी नेसशील. तिने वर पाहिलं.

"आई, मग तेव्हा मला दिसायचं बंद झालेलं असंल का?"