निवृत्ती नानांचा फलाट

रोज सकाळी सहाला आमच्या गल्लीत एसटी लागते.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विनाथांबा, निमआराम, पुणतांबा आणि जादा गाडी फलाट क्रमांक एकवर येत आहेत. कृपया ढकलाढकली करू नये."

राहात्यातली आमची गल्ली अशी आहे, की तिथं रिक्षासुद्धा आरसे मिटून येते. तरीही माझे साडू मुक्कामाला आले होते, ते ही घोषणा ऐकून अंथरुणातून उठले, पिशवी उचलली आणि एकाच पायात चप्पल घालून बाहेर पळाले. बाहेर गाडी नव्हती. समोरच्या ओट्यावर एक उंच, काटकुळा म्हातारा दूधभाताचं पातेलं घेऊन उभा होता आणि त्याच्यापुढं चार कुत्री रांगेत बसली होती. साडूंनी धापा टाकत विचारलं, "शिर्डी कुठं लागते?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "शिर्डीचे अजून डोळे उघडले नाहीत. पिल्लू आहे."

हे आमचे शेजारी, निवृत्ती गुंजाळ. नाव निवृत्ती, पण निवृत्त होणं त्यांना काही जमलेलं नाही. उभी हयात एसटीत गेली, शेवटची कैक वर्षं स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. नोकरी संपली, आवाज मात्र बरोबर घरी आला. नियंत्रकाचा तो आवाज त्यांना कमी करता येत नाही. दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर जास्त" एवढं सांगायचं असलं, तरी ते साऱ्या गल्लीला कळतं.

कुत्री सगळी कुणीतरी टाकलेली. पुणतांबा त्या गावाच्या फाट्यावर, पाय मोडलेला सापडला. जादा गाडी म्हणजे वेळापत्रकात नसताना जन्मलेलं पाचवं पिल्लू. मालकानं पोत्यात घालून कालव्याकाठी ठेवलं होतं. निमआराम ही दिवसभर झोपणारी थोराड कुत्री, कुणीतरी मारहाण करून तिचा एक डोळा घालवलेला. आणि विनाथांबा कशानंच थांबत नाही.

माझं स्टँडसमोर औषधाचं दुकान आहे. नाना मला नावानं कधी हाक मारत नाहीत, "मेडिकल" म्हणतात. भर गर्दीत ते काउंटरला येतात आणि म्हणतात, "मेडिकल, विनाथांबाला जुलाब लागलेत."

दुकानातली पाच-सहा माणसं एकदम वळून बघतात. मी गंभीर चेहरा ठेवून जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतो. चिठ्ठीवर डॉक्टरांनीही पेशंटच्या नावापुढं 'विनाथांबा' असंच लिहिलेलं असतं. त्या बिचाऱ्यांचाही इलाज चालत नाही.

जनावराला कुणी मारलेलं नानांना सहन होत नाही. पण ते भांडत नाहीत, शिवी देत नाहीत. ते घोषणा करतात. एकदा एकानं चहाच्या टपरीपाशी झोपलेल्या कुत्र्याला उगाच लाथ घातली. नाना त्याच्या मागं उभे राहिले आणि दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले. "लक्ष द्यावे. चौकड्याचा शर्ट, डाव्या हातात हेल्मेट, या प्रवाशानं आत्ताच झोपलेल्या जनावराला लाथ मारलेली आहे. त्यांनी ताबडतोब नियंत्रकांना भेटावे." सगळा स्टँड त्या चौकड्याच्या शर्टाकडं बघायला लागला. तो माणूस चहा अर्धा टाकून गेला.

दुसऱ्यांदा नंबर माझा होता. दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यांवर मी रोज सकाळी बादलीभर पाणी ओतायचो. "मेडिकलचे मालक, चष्मा, टक्कल..." इथून सुरुवात झाली. पाणी मी त्याच दिवशी बंद केलं. टकलाचा उल्लेख टाळता आला असता, असं मला अजून वाटतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्या दुकानाशेजारी संपतचं भज्यांचं हॉटेल आहे. संपत कष्टाळू, पण डोक्यानं गरम. त्याची आई भागाबाई मागच्या बाजूला बसून मिरच्या निवडते. एके दिवशी दुपारी संपत आईला घेऊन माझ्याकडं धावत आला. म्हातारीच्या मनगटाला कुत्रं चावलं होतं. मी जखम साबण लावून धुवायला लावली आणि त्यांना लगेच सरकारी दवाखान्यात पाठवलं. इंजेक्शनं सुरू झाली. म्हातारी धड होती, पण काही बोलत नव्हती. संपत मात्र दोघांचं बोलत होता.

"आता एक बी कुत्रं ठेवत न्हाई या स्टँडवर."

लोकांनाही पटलं. आई कुणाचीही असो, तिचा हात रक्तानं भरलेला बघितला की माणूस हिशोबात राहत नाही. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं.

दोनच दिवसांनी, बाजाराच्या दिवशी सकाळी, संपतनं भाड्यानं टेम्पो आणला. चार माणसं दोराचे फास घेऊन आली आणि दिसेल ते कुत्रं धरून टेम्पोत टाकू लागली. फास आवळला की कुत्र्याच्या घशातून जो आवाज येतो तो ऐकवत नव्हता. भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. भंडारदऱ्याकडं घाटात नेऊन सोडायची, असं ठरलं होतं. तिथं त्यांना कोण खायला घालणार होतं? बिबट्यांची मात्र सोय झाली असती. टेम्पोत दहा-बारा कुत्री कोंबून झाली. त्यात, सकाळी हिंडायला बाहेर पडलेली जादा गाडीही होती.

टेम्पो सुरू झाला आणि एक शिट्टी वाजली.

लांब, कडक, नियंत्रकाची शिट्टी. टेम्पो जागेवर थांबला. ड्रायव्हर पूर्वी एसटीत होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्याच्या पायानं त्याला न विचारताच ब्रेक दाबला होता.

नाना सायकल टाकून गाडीपुढं आले. "इंजिन बंद."

इंजिन बंद झालं.

"मार्ग कोणता? रवानगी कुणाच्या सहीनं?"

"सायेब," ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "संपतशेठनं सांगितलं."

संपत हॉटेलातून झारा घेऊनच बाहेर आला. "नाना, मधी पडू नका. माझ्या आईला चावलंय. तुमच्या आईला चावलं असतं म्हंजे काय केलं असतं?"

प्रश्न खरा होता. नाना माझ्याकडं वळले. त्यांनी विचारलं, "मेडिकल, भागाबाईंची इंजेक्शनं चालू आहेत ना?"

"चालू आहेत. दुसरं उद्या आहे."

"चांगलं." ते संपतकडं वळले. "चावणारं यातलं कोणतं?"

"ते पळालं. सापडलं न्हाई. म्हून सगळीच नेतोय."

"म्हणजे एकानं तिकीट काढलं नाही म्हणून अख्खी गाडी घाटात रिकामी करायची?"

लोक हसले, आणि तिथंच संपतचं डोकं फिरलं. त्यानं नानांना छातीवर ढकललं. नाना पडले. चष्मा उडून बटाट्याच्या ढिगात गेला. मला वाटलं, आता संपलं. पण नाना उठले, कपडे झटकले आणि टेम्पोच्या पुढच्या चाकाला पाठ लावून खाली बसले.

"कायदा सांगतो," ते म्हणाले. "कुत्र्यांची नसबंदी करा, लस टोचा, आणि जिथून उचललं तिथंच परत सोडा. घाटात फेकायचा अधिकार तुला नाही, मलाही नाही. गाडी न्यायची असली तर माझ्यावरून ने."

ड्रायव्हरनं किल्ली काढून खिशात घातली. संपत दुसरा ड्रायव्हर शोधायला इकडंतिकडं बघत होता, तेवढ्यात गर्दी बाजूला सारत भागाबाई आली. हाताला पट्टी, डोक्यावर पदर.

"संप्या, सांग की खरं."

"आये, तू आत जा."

"न्हाई जात. दोन दीस गप बसले, लई झालं." म्हातारीनं गर्दीकडं तोंड केलं. "ती तांबडी कुत्री रोज माझ्यापाशी बसायची. त्या दिशी खाली पडलेलं भजं खाया आली, तर ह्यानं कढईतलं त्याल वतलं तिच्यावर. पाठ सोलून निघाली हो तिची. म्या हळद लावाया गेल्ते. तिला वाटलं, म्या बी मारतीय, म्हून चावली." मग ती लेकाकडं वळली. "मला कुत्र्यानं न्हाई चावलं. तुझ्या त्यालानं चावलं."

संपतच्या हातातला झारा हळूहळू खाली आला.

नाना उभे राहिले. दोन्ही तळवे तोंडाभोवती गेले. आता संपतची घोषणा होणार, असं सगळ्यांना वाटलं. त्याची तर पुरती इज्जत उतरणार होती. मीसुद्धा पुढं सरकलो.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," नानांचा आवाज पार हमरस्त्यापर्यंत गेला. "राहाता ते भंडारदरा ही गाडी रद्द करण्यात आलेली आहे!"

काय सांगू! बाजारात अशा टाळ्या मी निवडणुकीच्या निकालालाही ऐकल्या नव्हत्या. ड्रायव्हरनं स्वतः टेम्पोचा मागचा फाळका उघडला. कुत्र्यांनी मुसंडी मारली, लोक पुढं धावले, आणि नाना हात पसरून ओरडले, "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या!" गळ्यातले फास सोडायला त्याच भाजीवाल्या बाया पुढं आल्या. जादा गाडी उतरली ती थेट टोमॅटोच्या पाटीत, पण पाटीवालीनं आधी तिच्या गळ्यातला फास सोडला. एका आजीनं नानांचा चष्मा बटाट्यातून शोधून, पदरानं पुसून दिला.

"पोलिसांत तक्रार देणार आहे मी," नाना संपतला म्हणाले. "तुझ्यावर राग म्हणून नाही. झालं ते लिहिलं गेलं पाहिजे." आणि त्यांनी ती दिलीही.

पण आधी तांबडीला शोधायचं होतं. भागाबाईला जागा माहीत होती. स्टँडमागं, रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळीत. जनावरांचे डॉक्टर, नाना, मी आणि न बोलावता मागं आलेला संपत, असे आम्ही गेलो. डॉक्टरांनी जाड हातमोजे दिले, आणि नाना या वयात कोपरांवर सरपटत आत शिरले. बराच वेळ झाला. मग ते उलटे सरपटत बाहेर आले, पोत्यात गुंडाळलेली तांबडी पोटाशी धरून. पोतं जरा सरकलं आणि पाठ दिसली. संपतनं तोंड फिरवलं.

"बघ," नाना म्हणाले. "तोंड फिरवू नको. तुझंच काम हाय."

संपतनं बघितलं. मग त्यानं पोत्याचं दुसरं टोक धरलं आणि दवाखान्यापर्यंत सोडलं नाही.

पुढच्या महिन्यात राहात्यानं जे केलं ते बघायला तुम्ही हवे होतात. बाजारातल्या लोकांनी मिळून नसबंदीचं आणि लसीकरणाचं शिबिर भरवलं. ज्यांनी फास टाकले होते, तीच माणसं कुत्री उचलून आणत होती, पण आता कडेवर. कानाला खूण केलेली कुत्री बरी होऊन आपापल्या जागी परत गेली. संपतच्या हॉटेलबाहेर पाण्याचं कुंडं आलं. भागाबाईची इंजेक्शनं पूर्ण झाली. पिसाळते का हे बघायला डॉक्टरांनी तांबडीवर ठरलेले दिवस देखरेख ठेवली, ती निरोगी निघाली आणि नानांच्या घरी आली.

बाजारानं नानांचा सत्कार ठरवला. दुपारी चारला दुकानापुढं मांडव, खुर्च्या, शाल, श्रीफळ, स्पीकर, सगळं होतं. नाना तेवढे नव्हते. वेळेच्या बाबतीत हा माणूस उशीर करणारा नाही. साडेचार वाजले तसा मी त्यांना आणायला घरी गेलो.

दार उघडं होतं. आतून कुणीतरी बोलत होतं. आवाज इतका हळू, इतका मऊ होता की घरी पाहुणे आलेत असं मला वाटलं. मी स्वयंपाकघरात डोकावलो. नाना भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर नवी टोपी. तांबडी त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडली होती आणि नाना तिला सांगत होते, "...ह्या चुलीपाशीच बसायची ती. गवार निवडायची. तिला गवार लई आवडायची, मला न्हाई. पर म्या खायचो..."

मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी कुजबुजलो, "नाना, तुम्हाला एवढं हळू बोलता येतं?"

"कमल हुती तवर घरात हळूच बोलायचो की," ते बायकोची आठवण काढत म्हणाले. "दोनच माणसं, वरडायचं कुणाला? ती गेल्यावर हळू बोलून बघितलं. कुनी ऐकंना."

तांबडीनं झोपेत एक उसासा टाकला. तिच्या पाठीवर नवी, गुलाबी कातडी धरत होती. नानांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला, जेमतेम टेकेल असा.

"पयल्यांदा अंगाला लागलीय आज. इतके दीस कोपऱ्यात बसून थरथरायची. पाय पार बधिर झालाय माझा."

"मांडवात सगळे थांबलेत, नाना."

"येतो. पर आत्ता न्हाई. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी पाऊल न वाजवता बाहेर आलो. मांडवात कुणीतरी माईकवर "हॅलो, हॅलो" करत होतं, ते पार गल्लीपर्यंत ऐकू येत होतं. मी आधी जाऊन स्पीकरची वायर काढली.