नमुन्याचं पातं

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टर्बाइनचे रोटर, म्हणजे पात्यांची फिरती चक्रं, दुरुस्तीला येत. फिरणाऱ्या वस्तूनं थरथरावं हा निसर्गाचा नियम, आणि ती थरथर मर्यादेत आहे असं कागदावर दाखवावं हा कारखान्याचा नियम. दुसऱ्या नियमासाठी चोपड्याचा हितेंद्र अभियंता म्हणून नेमलेला होता. तो अख्खा रोटर संगणकात उभा करी, ब्याण्णव पात्यांपैकी प्रत्येकाचा कंप काढी, आणि संगणक तीन दिवस धापा टाकून उत्तर देई.

तीन दिवस हे व्यवस्थापक चारुलता मॅडमच्या डोळ्यांत खुपत होतं.

"पाती सगळी सारखीच ना? मग ब्याण्णव वेळा गणित कशाला?" त्यांनी विचारलं. आता गंमत अशी, की त्यांचं बरोबर होतं. पाती हुबेहूब असतील तर एकाचं गणित करावं आणि बाकीची तशीच धरावीत, याला शास्त्राची मान्यता आहे. हितेंद्रनं तसं केलं. उत्तर दहा मिनिटांत आलं. मॅडमनी खूश होऊन एका टेबलावर पेढे वाटले. बाकीच्या टेबलांनी ते खाल्ले असं धरण्यात आलं.

पण एकदा युक्ती लागू पडली की माणसाला तिची चटक लागते. वार्षिक आरोग्य तपासणीत एकाच कामगाराचं रक्त घेतलं गेलं. त्याला साखर निघाली, तेव्हा दोनशे जणांचा चहा बिनसाखरेचा झाला. आग विझवायचं एकच नळकांडं तपासलं, ते भरलेलं निघालं. कुठलं तपासायचं ते आदल्या दिवशीच ठरलं होतं. कामगार समाधानी आहेत का, हे मॅडमच्या ड्रायव्हरला विचारलं. तो समाधानी होता. या सगळ्याला हितेंद्र मनसोक्त हसला, कारण त्याचं नाव बढतीसाठी पुढे गेलं होतं.

मग एका साखर कारखान्याचा रोटर आला. त्याचं एक पातं तडकलेलं, वेल्डिंग करून बसवलेलं. ते पाहून हितेंद्रचं हसू आटलं. एकच पातं वेगळं असलं तरी साऱ्या चक्राची थरथर त्याच्या बोकांडी बसू शकते, हे तो कॉलेजात शिकला होता आणि दुर्दैवानं विसरला नव्हता.

"मॅडम, एक पातं वेगळं आहे. पूर्ण गणित करावं लागेल."

"ब्याण्णवात एक म्हणजे किती टक्के?"

"एक. जेमतेम."

"एक टक्क्यासाठी तीन दिवस? चाचणी उद्या आहे. ते पातं सोडा आणि दुसरं चांगलं घ्या."

"पण धोका त्याच पात्याला आहे!"

"हितेंद्र, नमुना निवडायचा अधिकार तुमचा आहे. सहीही तुमचीच. आणि बढतीही तुमचीच."

हितेंद्रनं चांगलं पातं निवडलं. संगणकानं रोटर सुरक्षित ठरवला. हितेंद्रनं सही केली.

चाचणीच्या शेडमध्ये झुलालनाना मशिनीजवळ उभे होते. रोटर फिरवणं त्यांचं काम.

"हितेंद्रभाऊ, काँप्युटरनी हां म्हणं ना?"

'नाही' हा शब्द हितेंद्रच्या जिभेवर आला होता. त्यानं तो गिळला. "हो, नाना."

"मंग मन्हं काय! त्याले बठ्ठं समजस."

हितेंद्र जाड काचेच्या खोलीत गेला. त्याला स्वतःची लाज वाटली, तरी त्यानं दार घट्ट लावून घेतलं. रोटरनं वेग घेतला. वेल्डिंगचं पातं तुटून पत्र्याच्या भिंतीतून आरपार गेलं, आणि जाताना नानांच्या उजव्या हाताची तीन बोटं घेऊन गेलं.

चौकशी समिती तिघांची होती. तिघे सारखेच असल्यामुळे एकच आला.

"गणित चुकलं होतं?"

"नाही साहेब. जे पातं घेतलं, त्याचं बरोबर होतं."

"धोका माहीत होता?"

"होता."

"मग सही का केलीत?"

"माझ्या जागी कुणीही केली असती, साहेब."

साहेब विचारात पडले. हे खरं की खोटं ते पाहायचं तर प्रत्येकाला विचारायला हवं होतं, आणि त्यांची परतीची गाडी संध्याकाळची होती. अहवालात त्यांनी लिहिलं: 'सदर अभियंता हा सर्वसामान्य माणसाचा प्रातिनिधिक नमुना असल्याने वैयक्तिक दोष आढळून येत नाही.' भरपाईसाठी एका कामगाराचे हात तपासण्यात आले. ड्रायव्हरची दहाही बोटं शाबूत होती, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवला नाही.

हितेंद्रला बढती मिळाली त्या दिवशी नानांची बायको, झुंबरबाई, फाटकावर उभी होती. "भाऊ, तुले मालूम व्हतं का?" तिनं एवढंच विचारलं. फाटकावर चिकटवलेल्या अहवालाकडे बोट दाखवून हितेंद्र आत गेला.

अहवाल महिनाभर तिथंच होता. खाली सूचना होती, की आपण सदर अभियंत्यासारखे नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुदतीत लेखी हरकत घ्यावी. मुदत संपली. एकही हरकत आली नाही. तुमचीसुद्धा.