हरवल्यास कोपरीला आणून द्यावे

टेंपोत सगळं सामान चढलं होतं, आणि विश्राम भाऊजी माझं पाण्याचं पिंप रस्त्यात आडवं पाडून त्यावर घोडा केल्यासारखे बसले होते. वरच्या त्यांच्या खिडकीतून वायर लोंबत होती. तिच्या टोकाला भांड्यांवर नाव घालायचं मशीन होतं आणि ते भुंग्यासारखं गुरगुरत होतं. माझी भांड्यांची दोन्ही पोती त्यांनी टेंपोतून उतरवली होती, सोडली होती आणि रस्त्यावर मांडली होती. परातीपासून चहाच्या गाळणीपर्यंत माझा सगळा संसार कोपरीच्या रस्त्यावर उघडा पडला होता आणि येणारेजाणारे बघत होते.

"काका, उठा आता," माझा मुलगा महेश ओरडला. "तिकडची सोसायटी पाचनंतर सामान चढवू देत नाही."

"मग सोसायटी बदल," भाऊजी मान वर न करता म्हणाले.

टेंपोवाला खाली उतरला. "चाचा, गाडी निकालनी है."

"निकाल ना. पिंप माझ्याखाली आहे, गाडी तुझ्याखाली आहे."

हसू नका. एकावन्न वर्षं ज्या घरात काढली ते सोडून मी निघाले होते. नुसतं घर नाही, महाराष्ट्र सोडून निघाले होते, गुजरातेत, उंबरगावला. जाताना दोन मिनिटं दाराकडं बघत उभं राहावं म्हटलं, तर हा माणूस माझ्या पिंपावर बसलेला. मला रडायला आलं नाही. त्यांच्या डोक्यात परात घालावीशी वाटली.

विश्राम परब आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या मजल्यावर राहायचे. माणूस मालवणकडचा. वागळे इस्टेटला एका कारखान्यात फिटर होते. बायको लग्नानंतर चौथ्या वर्षी गेली, मूल नाही. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे कामगार साहेबाच्या दारात घोषणा देत बसले. ह्यांनी साहेबाकडं नाव कोरायचं मशीन मागितलं आणि घेऊन घरी आले. तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये बिननावाची वस्तू राहिली नाही. जिन्यात भेटलं की माणसं विचारतात, जेवलात का. हे विचारायचे, "नाव घातलंत का?"

फुकट घालून द्यायचे, पण मजकूर त्यांचा. कदमांच्या सुनेला बारशाच्या वाट्यांवर 'प्रेमपूर्वक भेट' असं हवं होतं. भाऊजी म्हणाले, "प्रेम कोण चोरत नाय, वाट्या चोरतात. पत्ता सांग." वाटीवर पत्ता मावेना, तर अर्धा एका वाटीवर घातला आणि अर्धा दुसरीवर.

"म्हणजे आता दोन्ही वाट्या एकदम हरवायला पाहिजेत," मी म्हटलं.

"वाट्या जोडीनंच हरवतात वहिनी. तुमचा अभ्यास नाय."

माझ्या कुकरच्या झाकणावर त्यांनी 'झाकण' असं घातलंय. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, वेगळं पडलं तर बघणाऱ्याला कळायला नको का? गणपतीच्या मंडळाची शिडी, माझ्या छत्रीचा दांडा, डॉक्टरांची सुया उकळायची डबी, काही सोडलं नाही. एकदा पोस्टमन पाणी प्यायला थांबला, तर तो पेला खाली ठेवेपर्यंत त्याच्या सायकलच्या घंटीवर नाव. तेसुद्धा त्याचं आडनाव न विचारता. नुसतं 'पोस्टमन'.

ह्या वेडाला आमच्याच घागरीनं खतपाणी घातलं. घासून जिन्यात पालथी घातलेली माझी घागर कुणीतरी उचलून नेली. आठ दिवसांनी विठ्ठलवाडीचा एक भंगारवाला ती सायकलला बांधून दारात हजर. म्हणाला, "पता लिखा था, अम्मा." चांगला माणूस. मी त्याला पोहे खायला घातले. पण त्या दिवसापासून भाऊजींपुढं बिल्डिंगमध्ये कुणाचं काही चालेना. भांडण पाण्याच्या वेळेवरून असो की जिन्यातल्या चपलांवरून, शेवटी ती घागर यायचीच. "आली की नाय परत? का आली? पत्ता होता म्हणून आली." मग सगळ्यांच्या सगळ्या भांड्यांवर नावाखाली पत्ता आला. कोपरी, ठाणे पूर्व. हरवल्यास आणून द्यावे.

आमचे हे गेले, तेव्हा दहाव्याच्या आदल्या दिवशी हा माणूस मशीन घेऊन दारात उभा.

"वहिनी, ताटांवर पांडुरंगाचं नाव आहे. तसंच ठेवू की तुमचं घालू?"

घर पाहुण्यांनी भरलेलं. माझ्या जावेनं तोंडाला पदर लावला. मी हातातलं उलथनं त्यांच्या अंगावर फेकलं. त्यांनी ते उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर तर सासऱ्यांचं आहे."

ते गेल्यावर मी फडताळ बघायला लागले. टोपांवर सासऱ्यांचं नाव, ताटांवर ह्यांचं, नंतर घेतलेल्यांवर महेशचं. घासत आले मी, आणि माझं नाव त्या घरात रेशनकार्डावर सोडून कुठं नव्हतं. तेरावं झाल्यावर मी खाली जाऊन म्हटलं, घाला माझं. त्यांनी सगळ्यांत मोठ्या पातेल्यावर घातलं, शेवंता पां. मोरे. मी ते वर नेलं. पातेलं फडताळात पुढं लावलं, एवढंच.

आता हे जाणं.

आमच्या इथली माणसं हलायला लागली तेव्हा पहिल्यांदा कळव्याला गेली. खाडी ओलांडली की कळवा, तरी आम्ही म्हणालो, बाई, केवढं लांब. मग माणसं डोंबिवलीला गेली. मग विठ्ठलवाडीला. मग बदलापूरला. आता महाराष्ट्रच संपला. आमची इमारत धोकादायक ठरली. मालकानं जे हातावर टेकवलं त्यात कळव्याला स्वयंपाकघर आलं असतं, निजायला खाडीत जावं लागलं असतं. महेशनं एक दलाल धरून आणला. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात वेलची. म्हणतो, "आजी, उंबरगाव म्हणजे महाराष्ट्राला चिकटूनच आहे हो."

"चिकटून आहे ना, मग अलीकडच्या बाजूनं दे."

त्यावर त्यानं मला तिकडची हवा चांगली आहे म्हणून सांगितलं. म्हातारं माणूस कुठं नेऊन ठेवायचं ठरलं, की तिथली हवा आपोआप चांगली होते.

महेश वाईट मुलगा नाही. अर्धा आठवडा घरून काम करणार, उरलेला अर्धा पहाटे उठून ठाण्याला येणार. त्याचा दोष नाही हे मला कळतं, म्हणून राग जास्त येतो. दोष असता तर एक थोबाडीत देऊन मोकळी झाले असते. माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं ह्या ठाण्यात घरोघरी नळाचे पाइप जोडले. मोठमोठे टॉवर उभे राहिले, त्यांच्या मोऱ्यांत पाणी येतं ते ह्यांच्या हातानं. आणि त्याच माणसाच्या पोराला ह्या गावात दोन खोल्या नाहीत. हे मी कुणाला सांगायचं? दलालाला? तो वेलची खात बसलाय.

भाऊजींनी जाणाऱ्या प्रत्येकाशी भांडण केलं. कदम वापीला निघाले तेव्हा त्यांना भर जिन्यात "पळपुटे" म्हणाले, आणि शिव्या घालत घालत त्यांच्या नव्या डब्यांवर नाव घालून दिलं. नाव कदमांचं, पत्ता इथलाच. कदमांना ते वापीला जाऊन पोती सोडल्यावर कळलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. कदम तिकडून ओरडत होते आणि भाऊजी शांतपणे सांगत होते, "वापीचा पत्ता मला माहीत नाय. मला माहीत नाय ते मी घालत नाय."

आम्ही जाणार हे कळल्यावर मला काही म्हणाले नाहीत. पळपुटीसुद्धा नाही. महिनाभर त्यांनी मला "नाव घातलंत का" विचारलं नाही. जिन्यात भेटले की भिंतीकडं बघायचे. बिल्डिंगमध्ये तेव्हा आम्हीच दोन बिऱ्हाडं उरलो होतो. आणि मग टेंपो आला त्या दिवशी हे पिंपावर.

"अहो, सगळ्या भांड्यांवर नाव आहे, पत्ता आहे, आता काय माझ्या कपाळावर घालताय?" मी ओरडले.

"नाव आहे. पत्ता आहे. राज्य नाय."

मी पिंपाकडं बघितलं. 'ठाणे पूर्व'च्या पुढं ताज्या चकचकीत अक्षरांत 'महाराष्ट्र' आलं होतं. पातेल्यावर आलं होतं, परातीवर आलं होतं, झाऱ्याच्या दांड्यावर जागा नव्हती तर वळवून मागच्या बाजूला नेलं होतं.

"आजपर्यंत लागलं नाय," ते म्हणाले. "ठाणे पूर्व म्हटलं की भागायचं. कदमांच्या वेळी ध्यानात आलं नाय. आता तुम्ही पण दुसऱ्या राज्यात चाललात. तिकडं चमचा हरवला तर तो बापडा कुठं जाईल?"

"आणि इथं कोण आहे तो चमचा घ्यायला? मी तिकडं, इमारत पाडायला काढलेली. कोण आहे इथं?"

"पाडेपर्यंत मी आहे," ते म्हणाले आणि गाळणी हातात घेतली.

महेशनं घड्याळ बघितलं आणि डोक्याला हात लावला. टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, थांबा, तुमचं मशीनच बंद करते. गुडघे दुखत होते तरी तरातरा पहिल्या मजल्यावर गेले, त्यांचं दार उघडंच होतं, आणि वायर उपटायला हात घातला.

बटणाशेजारी त्यांची मांडणी आहे. दोन ताटं, एक टोप, एक तांब्या, दोन पेले, एक डाव. एकट्या माणसाची भांडी, लख्ख घासलेली. मी सवयीनं एक ताट उलटं केलं. कोरं. दुसरं केलं, कोरं. टोप बघितला, तांब्या बघितला, डावाचा दांडा खिडकीशी धरून बघितला. एक अक्षर नाही. पोस्टमनच्या घंटीवर नाव घालणारा माणूस, आणि त्याच्या घरात एका पेल्यावर नाव नाही. इतकी वर्षं ह्या घरात मी साखर मागायला आले, चहा प्यायले, माझ्या कधी लक्षात आलं नाही. ह्याचाही मला रागच आला.

वायर तशीच ठेवली. ताट घेऊन खाली आले आणि त्यांच्यासमोर धरलं.

"हे काय?"

"ताट."

"ते मलाही दिसतंय. नाव कुठं आहे?"

त्यांनी मशीन बंद केलं. बऱ्याच वेळानं रस्त्यावर शांत झालं. "जे कुठंतरी जाणार त्याच्यावर नाव घालायचं, वहिनी. माझं कुठं काय जातंय? आणि आपलं नाव आपण घालायचं नसतं. दुसऱ्यानं घालायचं."

"पाडायला आले की तुम्ही कुठं जाणार?"

"पुतण्या आहे ना मालवणला. ये म्हणतो."

"कधी ये म्हणतो?"

त्यांनी गाळणी परातीत ठेवली. "तसं नाय बोलला."

"उठा त्या पिंपावरून," मी म्हटलं.

ते उठले. मी बसले. महेश म्हणाला, "आई, तू पण?" त्याला गप्प केलं. मशीन हातात घेतलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर बरं होतं पण पाटीवर. हे यंत्र हातात धरलं की खांद्यापर्यंत मुंग्या येतात. ताट मांडीवर घेतलं आणि घालायला लागले. विश्रामातला श्र पळाला, परबांचा प दोनदा झाला. ते वाकून बघत होते.

"रेघ सरळ नाय," ते म्हणाले.

"गप्प बसा. पत्ता सांगा."

मशीन गुरगुरत राहिलं. उभ्या बिल्डिंगला पत्ता विचारणारा माणूस नुसता माझ्या तोंडाकडं बघत उभा.

"पुतण्याचा घालू?"

"त्याला विचारायला लागेल."

"विचारायला वेळ नाही. टेंपो खोळंबलाय." आणि मी घातलं, हरवल्यास मोरे, उंबरगाव. आमच्या नव्या इमारतीचं नाव मला पाठ नव्हतं, खोलीचा नंबर माहीत नव्हता. जेवढं माहीत होतं तेवढं घातलं.

त्यांनी ताट घेतलं, अंगठ्यानं अक्षरांवरचा चुरा पुसला, दोनदा वाचलं.

"राज्य राहिलं," ते म्हणाले.

"राज्य गेलं खड्ड्यात," मी म्हटलं आणि पोती बांधायला लागले. त्यांनी दुसऱ्या पोत्याचं तोंड धरलं.

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. सोसायटीनं सामान चढवू दिलं नाही, ते दुसऱ्या दिवशी चढलं. माझ्या निम्म्या भांड्यांवर महाराष्ट्र आहे, निम्म्यांवर नाही. कोपरीहून गेले ती मी, शेवंता पांडुरंग मोरे, वय एकाहत्तर. मागं राहिले ते विश्राम गोविंद परब, फिटर, वय चौऱ्याहत्तर.