आजोबांची दोन वजनं

गल्ल्याशेजारी ठेवलेलं किलोचं वजन साहेबांनी उचललं, उलटं केलं, तळाच्या शिशावरचा शिक्का पाहिला, आणि मगच त्यांच्या लक्षात आलं की आपण निवृत्त झालो आहोत.

तोवर उशीर झाला होता. समोर साखरेची पुडी बांधणाऱ्या दुकानदाराने घाईने पुडीत आणखी मूठभर साखर घातली होती. सगळी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाचं असंच होतं. बाकीचे लोक तान्हं मूल दिसलं की गाल ओढतात. साहेब वजन दिसलं की तळ बघत.

खरं तर ते या गावात आजोबांचा माग काढायला आले होते. आईचे वडील. त्यांचं दुकान याच जागी होतं. उद्या खात्यातल्या नव्या निरीक्षकांपुढे साहेबांचं भाषण होतं. विषय, ‘प्रामाणिकपणा माझ्या रक्तात आहे’. भाषणात आजोबा होते, आजोबांचा तराजू होता, फक्त पुरावा नव्हता. पुराव्याच्या जागी एक धाकधूक होती. आजोबांनी चालतं दुकान टाकून एका दिवसात गाव का सोडलं, असं आईला विचारलं की ती म्हणायची, “जेव आणि गप्प झोप.” आता दुकानदार गाव सोडून का पळतो, याची वजनमापे खात्यातल्या माणसाला फार कारणं सुचत नाहीत. एकच सुचतं.

म्हणून बसमधून उतरतानाच त्यांनी बायकोला बजावलं होतं, “आपण कोण ते कुणाला सांगायचं नाही. आधी सहज काहीतरी विकत घेऊ, कानोसा घेऊ.”

“अहो, नातवाला काय खाणार आहेत का लोक?”

“गावं विसरत नाहीत. आणि माझं नाक म्हणे थेट आजोबांचं आहे.”

“मग नाकावर रुमाल धरा. आणि मोजे बघा आधी. एक लाल, एक हिरवा घालून आलात.”

“सारखेच तर आहेत.”

“तुम्हाला आहेत.”

तर अशा रीतीने, नाकावर रुमाल धरून वजनाचा तळ तपासणारा माणूस दुकानात उभा होता. दुकानदाराने आतल्या दाराकडे तोंड करून घोगऱ्या आवाजात हाक मारली, “अगं ऐकलंस का? ते आलेत!”

‘ते’ म्हटल्यावर साहेबांनी रुमाल आणखी घट्ट धरला. नाक ओळखलं!

“बसा ना साहेब. आत बसून बोलू,” असं म्हणत दुकानदाराने खडखडाट करत शटर खाली ओढलं. भर दिवसा शटर पडलेलं पाहून समोरच्याने आपलं ओढलं. त्याचं ऐकून शेजारच्याने. बघता बघता सगळी गल्ली खडखडत बंद झाली. बाहेरून आवाज आला, “कोण आलंय रे?”

“ज्याची भीती होती तो!”

साहेब पोत्यावर बसले. रुमाल तसाच नाकावर.

“अहो, यांनी आपल्याला कोंडलंय,” बायको कुजबुजली.

दुकानदाराने हात जोडले. “साहेब, जे काही असेल ते फार जुनं आहे. माझ्या हातून काही झालेलं नाही.”

“माझ्याही हातून झालेलं नाही!” रुमालाआडून साहेब किंचाळले. “मी तेव्हा जन्मलोसुद्धा नव्हतो!”

“मीही नव्हतो!”

“मग तुम्ही दोघं घाबरताय कशाला?” बायकोने विचारलं.

या प्रश्नाने दोघं आणखी घाबरले.

शेवटी बायकोनेच रुमाल ओढून काढला. दुकानदार बघतच राहिला. “हे नाक… तुम्ही म्हाताऱ्या मालकांचे कोण?”

“ना… नातू. मुलीचा,” साहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

फटका बसला नाही. उलट कुणीतरी पाय धरल्यासारखं वाटलं. डोळे उघडून पाहतात तर दुकानदार खाली वाकलेला. “देवमाणूस होता हो! माझे वडील त्यांच्याच हाताखाली होते. विकताना मालक किलोला किलोहून जास्त द्यायचे. कुणाकडून धान्य घ्यायचे तेव्हा किलोचे पैसे देऊन कमीच घ्यायचे. गावाचं भलं झालं आणि दुकान बुडालं. एक दिवस वडिलांच्या हातात किल्ली दिली आणि निघून गेले. पण लबाडी केली म्हणून नाही!”

साहेबांना गहिवरून आलं. डोळ्यांसमोर उद्याचं भाषण आलं, टाळ्यांसकट. “काही पुरावा आहे?”

दुकानदाराने काचेच्या कपाटातून फडक्यात गुंडाळलेली दोन वजनं काढली. दोन्ही किलोची. “हिरव्या ठिपक्याचं विकताना, लाल ठिपक्याचं घेताना. वडील सांगायचे, मालकांनी यात कधी अदलाबदल केली नाही.”

साहेबांचा गहिवर जागच्या जागी थांबला. एकाच मापाची दोन वजनं? त्यांनी दोन्ही उलटी केली. शिक्का कुठेच नव्हता. तळ दोन्हींचे सारखेच बुजवलेले, पण तराजूत घातली तर एक किलोहून जड, दुसरं हलकं.

“संपलं,” ते बायकोच्या कानात म्हणाले. “ही चोरीची वजनं. असली वजनं बनवणारे हलक्याला लाल ठिपका लावतात, ते गिऱ्हाइकाला विकायला. जडाला हिरवा, ते माल घ्यायला. आख्ख्या खात्याला पाठ आहे हे.”

“पण हे तर हिरव्यानं विकायचे. उलटंच की!”

“एवढा ढळढळीत ठिपका असताना उलटं कसं होईल?” साहेबांनी दोन्ही वजनं फटीतून येणाऱ्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. दोन्ही ठिपके मातकट होते. अगदी सारखे.

बायकोने शांतपणे त्यांच्या मोज्यांकडे पाहिलं.

“काय निघालं, साहेब?” दुकानदाराने भीत भीत विचारलं. बाहेर शटरला कान लावून उभ्या असलेल्या गल्लीनेही श्वास रोखला.

साहेबांनी वजनं फळीवर ठेवली, जड उजवीकडे. “या माणसाच्या हातून जन्मात कुणाची फसवणूक झाली नाही.”

“जमलीच नाही—” बायको बोलायला लागली. साहेबांनी तिच्या पायावर पाय दिला.

शटर वर गेलं. गल्ली उघडली. निघताना दुकानदार म्हणाला, “एक वजन तुम्ही न्या, आठवण म्हणून. दुसरं आम्हाला राहू द्या.” साहेबांनी लगेच जड म्हणून एक वजन उचलून पिशवीत टाकलं. हाताला फरक कळेल इतकं कच्चं काम बनवणाऱ्याने केलं नव्हतं. पण जागा त्यांनी नीट लक्षात ठेवली होती. उजवीकडचं. दरम्यान दुकानदाराने वजनं उचलून फळी पुसली होती, एवढंच.

परतीच्या बसमध्ये साहेबांचा आवाज फुटला. “उद्या वजन सरळ टेबलावर ठेवतो. म्हणतो, मित्रांनो, हाच तो पुरावा! शंका असेल तर आत्ता माझ्यासमोर तोलून पाहा! आणि बघशील तू, पोरं तोलतीलच. मीच शिकवलंय त्यांना.”

बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं. मग पिशवी मिटली.

“अहो, भाषणाचं नाव काय म्हणालात?”

“प्रामाणिकपणा माझ्या रक्तात आहे. का?”

“काही नाही. रक्तातलं काहीतरी आणलंत खरं.”

साहेबांनी घाईघाईने वजन बाहेर काढलं आणि ठिपक्याकडे टक लावून पाहिलं. मग शेजारच्या प्रवाशाच्या खांद्याला हात लावला. “अहो, जरा मदत करता? हा रंग कुठला?”