पाचव्या गायीची नोंद

"या प्रयोगात चूक होणं शक्यच नाही!" मॅडमनी टेबलावर हात आपटून जाहीर केलं, आणि टेबलावरचा चहा पशुवैद्यांच्या कागदांवर सांडला. पण ती काही प्रयोगातली चूक नव्हे, म्हणून ती धरायची नाही.

मॅडम म्हणजे संशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्राच्या मॅडम. गेली नऊ वर्षं त्या एका झुडपाच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. शेताच्या बांधावर आपोआप उगवणारं, कुणी ढुंकूनही न बघणारं झुडूप. त्याच्या पानांचं औषध गाईला रोज चारलं तर तिचे ढेकर कमी होतात, असं मॅडमचं म्हणणं. हसू नका! गाईच्या ढेकरातून जो वायू निघतो तो हवा तापवतो, आणि जगात गाई काही थोड्याथोडक्या नाहीत. शिवाय गाईच्या पोटाला जे मानवलं ते उद्या माणसाच्याही पोटाला मानवेल, अशी पशुवैद्यांना आशा होती. थोडक्यात, शेती, वैद्यक आणि रसायन अशी तिन्ही शास्त्रं या एका ढेकराभोवती फेर धरून उभी होती.

अडचण एवढीच, की नऊ वर्षांत ढेकर काही कमी झाले नव्हते. या महिन्याच्या शेवटी परीक्षण समिती येणार होती. निकाल दिसला तर काम पुढे चालू. नाहीतर मॅडमची प्रयोगशाळा रिकामी करून तिथे केंद्रातल्या मोडक्या खुर्च्या ठेवायच्या, असं ठरलं होतं. दोन खुर्च्या तर आधीच दाराशी येऊन थांबल्या होत्या! रोज सकाळी त्यांना वळसा घालून मॅडमना आत शिरावं लागायचं.

म्हणून या खेपेला सगळं कसं चोख! गाई चार. पुड्यांचे डबे दोन, एक लाल आणि एक हिरवा. एका डब्यात औषध, दुसऱ्यात नुसता गव्हाचा कोंडा. पुड्यांचे कागद डब्यांच्या रंगाचे, पण आतल्या भुकटीचा रंग सारखा केलेला, दोन्हींना पुदिन्याचा वास लावलेला. कुठल्या डब्यात काय भरायचं ते ग्रंथपालबाईंनी एकटीनं ठरवलं, भरलं, आणि उत्तर पाकिटात बंद करून संचालकांच्या कपाटात टाकलं. पुडी चारणाऱ्याला माहीत नाही, ढेकर मोजणाऱ्याला माहीत नाही, खुद्द मॅडमना माहीत नाही!

"चुकायला माणसाला आधी काहीतरी माहीत असावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "इथे कुणालाच काही माहीत नाही. मग चुकणार कोण?"

"ते बाकी खरं," पशुवैद्य कागद झटकत म्हणाले. "कुणालाच काही माहीत नसणं, हे आपल्या केंद्राला सहज जमेल."

प्रयोगशाळेच्या भिंतीला ओल होती आणि ओलीनं पुड्यांचे गोळे होत होते. म्हणून मॅडमनी दोन्ही डबे घरी आणून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवले. रोज सकाळी दोन लाल, दोन हिरव्या पुड्या मोजून पिशवीत टाकायच्या आणि गोठ्यात नेऊन द्यायच्या. त्या गाईंच्या आंबोणात कालवायच्या, आणि मग गवळीमामांनी बाकावर बसून दिवसभर ढेकर मोजायचे. त्यासाठी मामांना मुठीत मावणारं एक मोजयंत्र दिलं होतं. ढेकर आला की दाबायचा खटका. टक्! मामांना त्याची इतकी सवय झाली, की शेजारी कुणी शिंकलं तरी खटका वाजायचा आणि मग तो ढेकर वहीतून वजा करावा लागायचा.

पहिले चार दिवस चारही गाई सारख्याच मोकळेपणानं ढेकर देत होत्या. पाचव्या दिवशी मामा धावत आले.

"ताई, हिरव्या पुडीच्या दोघी आजारी पडल्या!"

"काय झालं?"

"काही होतच नाहीये! एक ढेकर नाही. मी सकाळपासून नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत बसलोय. त्यासुद्धा माझ्याकडे बघतायत."

पशुवैद्यांनी गाई तपासल्या. तब्येत ठणठणीत! रवंथ छान, डोळे पाणीदार, ढेकर जवळजवळ बंद. मॅडमना गोठ्यात नाचावंसं वाटलं, पण पायाखाली शेण होतं. हिरव्या डब्यात औषध आहे याबद्दल आता कुणाला शंका उरली नाही. मॅडमनी त्याच दिवशी दारातल्या दोन खुर्च्यांपैकी एक उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली.

पण मग त्या दोन गाईंची भूक वाढली. साधीसुधी नाही! वैरण संपली की गव्हाण चाटत, गव्हाण संपली की दावं चघळत. एके दिवशी तीन नंबरच्या गाईनं मामांची टोपी खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात तिनं मामांच्या मांडीवरची नोंदवही खाल्ली. पुठ्ठ्यासकट!

"सगळी?" मॅडम किंचाळल्या.

"शिवण ठेवलीय," मामा म्हणाले.

"निदान तिला ढेकर तरी आला का त्यानंतर?" पशुवैद्यांनी विचारलं.

"नाही ना साहेब! वहीसुद्धा पचली!"

इकडे घरी निराळाच घोळ चालू होता. मॅडमचे सासरे म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. उभ्या हयातीत त्यांनी कुणाचा एक ग्रॅम ठेवला नाही आणि कुणाला एक ग्रॅम सोडला नाही. त्यांच्या जेवणानंतरच्या ढेकराची आळीत ख्याती होती. तो ऐकला की सासूबाई उठून झाकपाक करायला लागत. मॅडमचा नवरा परगावी नोकरीला होता. तो म्हणे तिथे त्या ढेकरावाचून जेवण संपल्यासारखंच वाटत नाही. आणि आता कितीतरी दिवस सासूबाई रिकाम्या ताटासमोर बसून राहिल्या होत्या. इशाराच येत नव्हता!

"अगं, यांना काहीतरी झालंय," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षांत हा माणूस ताटावरून असा गुपचूप उठला नाही. तू डॉक्टर ना? नाडी बघ!"

"आई, मी रसायनाची डॉक्टर आहे."

"मग रसायनाची नाडी बघ! पण बघ!"

मॅडमनी बघितली. नाडी व्यवस्थित होती. सासरे गालात हसत होते.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"उत्तम वाटतंय. याहून जास्त योग्य वेळी सांगेन," असं म्हणून सासऱ्यांनी खिशातून छोटी वही काढली, घड्याळ बघून काहीतरी टिपलं आणि वही परत खिशात घातली. मॅडमच्या डोक्यात गाई होत्या. सासऱ्यांना ठेवायला तिथे जागाच उरली नव्हती.

समितीचा दिवस उजाडला. मॅडम दारात चपला घालत होत्या, तेवढ्यात आतून हाक आली.

"सूनबाई, तो हिरवा डबा संपला बरं का! नवा कधी भरणार?"

एक पाय चपलेत आणि एक हवेत, अशा मॅडम जागच्या जागी थिजल्या.

"बाबा, हिरव्या डब्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"करायचंय काय? केलं! रोज दोन पुड्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. ढेकर साफ बंद!"

"पण मी रोज मोजून न्यायचे. एकही पुडी कमी नव्हती!"

"कमी असेल कशी? मी काय चोर आहे?" सासरे दुखावले. "दुसऱ्या दिवशीच्या दोन पुड्या मी आदल्या दिवशी घ्यायचो आणि तेवढंच वजन भरून पुन्हा चिकटवून ठेवायचो. वीस ग्रॅम म्हणजे वीस ग्रॅम!"

"भरून ठेवायचात? काय भरून ठेवायचात?"

"माझ्याकडे एक जुनी पाचक पूड पडून होती. मला तिचा काडीचा उपयोग झाला नाही. म्हटलं, गाईंना चालेल."

"आणि हिरवाच डबा का?"

"लाल म्हणजे मनाई. एवढं मला कळतं."

मॅडम तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि बोटांवर हिशेब करू लागल्या. हिरव्या डब्यात औषध असेल, तर ते सासऱ्यांनी खाल्लं. मग गाई का गप्प? हिरव्यात कोंडा असेल, तर तोही सासऱ्यांनीच खाल्ला. मग सासरे का गप्प? आणि गाईंनी जर सासऱ्यांची पूड खाल्ली, जी सासऱ्यांना लागू पडत नाही, तर... मॅडमना गरगरायला लागलं. त्यांनी पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. पुन्हा सासऱ्यांपाशीच येऊन थांबल्या.

एक विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोला. गप्प बसलं तर? पाकिटातून 'हिरव्यात औषध' एवढं निघालं की झालं! दुसरी खुर्चीही जिन्याखाली! कुणाला कळणार होतं? पण सासऱ्यांनी तोवर कोट चढवला होता, काखेत पिशवी मारली होती.

"चल. समितीला साक्षीदार लागेल."

मॅडमनी दुसरा पायही चपलेत घातला. नऊ वर्षं खपून शेवटी खोटा निकाल दाखवायचा, हे त्यांच्यानंही झालं नसतं. त्या नुसतं म्हणाल्या, "चला."

समितीच्या अध्यक्षबाई चष्म्याच्या वरून बघणाऱ्या होत्या. "गाईंची नोंदवही?" त्यांनी विचारलं.

"तीन नंबरनं खाल्ली," मामा म्हणाले.

"तीन नंबरचे कोण?"

मॅडम तोंड उघडणार, तोच सासऱ्यांनी खिशातली छोटी वही अध्यक्षबाईंसमोर ठेवली. अध्यक्षबाई वाचू लागल्या आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर चढल्या.

"वा! याला म्हणतात नोंद! तारीख, वेळ, पुडीचं वजन, आधीचे ढेकर, नंतरचे ढेकर. तिसऱ्या दिवसापासून शून्य! खुराक नेहमीचा. जेवणानंतर तासभर आडवं पडते. स्वभाव शांत, पण वर्तमानपत्र उशिरा आलं तर चिडते." त्या थांबल्या. "वर्तमानपत्र? आणि वय बहात्तर? ही गाय अजून जिवंत आहे?"

"आहे तर!" सासरे उठून उभे राहिले. "मीच तो."

मग मॅडमनी सगळं सांगितलं. डबे, फळी, पुड्या, सासरे. एक अक्षर गाळलं नाही. पशुवैद्यांनी कपाळाला हात लावला. मामांना काहीच कळलं नाही, पण त्यांनीही लावला. अध्यक्षबाईंनी संचालकांच्या कपाटातून आणलेलं पाकीट फोडलं.

"लाल डब्यात औषध. हिरव्यात कोंडा."

म्हणजे मॅडमचं नऊ वर्षांचं औषध लाल पुडीच्या गाईंनी महिनाभर इमानेइतबारे खाल्लं होतं, आणि त्या महिनाभर इमानेइतबारे ढेकर देत होत्या! मॅडमच्या डोळ्यांसमोर खुर्च्या दिसू लागल्या. दोन नाही, खोलीभर!

"मग हिरव्या पुडीच्या गाईंना गप्प केलं कशानं?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "ती पूड आहे का?"

सासऱ्यांनी पिशवीतून पत्र्याचा एक मोठा डबा काढला. त्यावर पिवळा पडलेला कागद चिकटवला होता. अक्षर मॅडमचं होतं! 'पहिला प्रयत्न. पानं सावलीत वाळवून कुटली. बाकी काही नाही.' खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

"नवीन लग्न झालं होतं तुझं," सासरे म्हणाले. "माझे ढेकर ऐकून पहिल्याच महिन्यात तू दिला होतास. मला गुण आला नाही. पण सुनेनं इतक्या मायेनं दिलेलं टाकणार कसं? ट्रंकेत ठेवला होता."

मॅडमनी डबा हातात घेतला. नऊ वर्षं त्यांनी तीच पानं उकळली, गाळली, आटवली, शुद्ध केली, पुन्हा शुद्ध केली.

"थोडक्यात," अध्यक्षबाई म्हणाल्या, "नऊ वर्षं तुम्ही औषधातून औषध काढून टाकत होतात."

अध्यक्षबाईंनी कागदावर बराच वेळ लिहिलं.

"दोन गाई आणि एक सासरे यांच्यावरून काही सिद्ध होत नाही. पण तुम्ही खरं ते सांगितलंत, आणि या डब्यात काहीतरी आहे हे नक्की. एक वर्ष देते. पहिल्यापासून करा. पुड्या घरी न्यायच्या नाहीत. आणि त्या खुर्च्या दुसरीकडे हलवा."

मॅडमनी सासऱ्यांचा हात घट्ट धरला. प्रयोगशाळा राहिली! नऊ वर्षांपूर्वी जिथे होत्या तिथे पोचायला का होईना, पण राहिली! सासऱ्यांचा चेहरा मात्र उतरला होता.

"सूनबाई, हिरव्यात काय होतं म्हणाल्या त्या?"

"कोंडा, बाबा."

"नुसता?"

"पुदिना लावलेला."

"म्हणजे माझ्यावर औषधाचा काही गुण आला नाही?"

"तुम्ही औषध घेतलंच नव्हतं, बाबा."

सासरे खाली बसले. खोलीत अगदी शांतता पसरली. आणि त्या शांततेत, जवळजवळ एका महिन्याच्या खंडानंतर, खिडकीच्या काचा थरथरवणारा एक लांबलचक ढेकर आला.

कोपऱ्यातून गवळीमामांच्या मुठीतला खटका वाजला. टक्!